दर ठरला, डोसचे काय?

२४ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने छातीच्या एचआरसीटीचे दर ठरवून दिले. १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसच्या यंत्रावर २,५०० आणि त्याहून वरच्या यंत्रावर ३,००० रुपये. रिपोर्ट, फिल्म, पीपीई किट, निर्जंतुकीकरण, जीएसटी असे सगळे त्यातच. तपासणी कोणत्या यंत्रावर झाली तेही रिपोर्टवर नमूद करायचे होते. कोविडच्या त्या दिवसांत घरातले दागिने मोडून स्कॅन करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यामुळे दर बांधून देणे योग्यच होते आणि आम्ही त्याचे स्वागतच केले.

पण तो आदेश आज पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचते. सरकारने रुपये मोजले, यंत्राचे स्लाइस मोजले, फिल्म मोजली, किट मोजले. त्या यंत्रातून निघून माणसाच्या छातीतून आरपार गेलेल्या किरणोत्सर्गाचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही. यंत्राचे स्लाइस रिपोर्टवर छापायला लावता येतात, तर त्याच कागदावर खाली डोसची एक ओळ छापायला लावण्यात काय अडचण होती? शाईचा खर्च?

आमचा सवाल एवढाच आहे. तो तांत्रिक वाटतो, म्हणून चळवळीच्या व्यासपीठावर कोणी मांडत नाही. डॉक्टरांच्या परिषदांमध्ये मांडला जातो, पण तिथे वस्तीतला रुग्ण नसतो. म्हणून इथे मांडतो आहोत.

आधी आकडा म्हणजे काय ते पाहू. सीटी स्कॅन झाला की टेक्निशियनच्या पडद्यावर दोन आकडे येतात. पहिला सीटीडीआय, म्हणजे यंत्राने शरीराच्या एका कापाला सरासरी किती मारा दिला ते. हा मिलीग्रेमध्ये असतो. दुसरा डीएलपी, म्हणजे तो मारा किती सेंटीमीटर लांबीवर झाला याचा गुणाकार. यंत्र हे आकडे स्वतःहून काढते, त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही, वेगळा माणूस लागत नाही. बहुतेक यंत्रांत स्कॅनच्या चित्रांबरोबरच डोसचे एक वेगळे पान तयार होते. छातीच्या सीटीचा डीएलपी ३५० आला असेल तर त्याला ०.०१४ ने गुणायचे, उत्तर ४.९ मिलीसिव्हर्ट. हा ढोबळ अंदाज असतो, माणूस जाड की बारीक, बाई की पुरुष, यावर फरक पडतो. तरीही अंदाज येतो. तुलनेसाठी सांगायचे तर छातीचा एक साधा एक्स-रे सुमारे ०.०२ मिलीसिव्हर्ट देतो, आणि माती, हवा, अन्न, आकाश यांतून जगातल्या माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट मिळतातच.

आता मे २०२१ आठवा. दुसरी लाट पेटलेली. ३ मे रोजी एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे, उगाच सीटी करू नका, पुढे कॅन्सरचा धोका आहे. लगेच रेडिओलॉजिस्टांची संघटना उठली. ही जुनी गोष्ट झाली, आजच्या अतिकमी डोसच्या सीटीत फक्त ५ ते १० एक्स-रेइतकाच डोस जातो, लोकांना घाबरवू नका, असे त्यांचे म्हणणे.

वर्तमानपत्रांनी हा दोन डॉक्टरांचा वाद म्हणून छापला. आमच्या मते दोघेही खोटे बोलत नव्हते. ७ मिलीसिव्हर्टचा स्कॅन झाला तर तो ३५० एक्स-रेएवढा होतो. यंत्र नवे असेल, टेक्निशियनने सेटिंग कमी ठेवले असेल, पाहायची गोष्ट मोठी असेल, तर ०.१ किंवा ०.२ मध्येही काम होते, म्हणजे ५ ते १० एक्स-रे. खरा प्रश्न असा की कोळसेवाडीतल्या, किसननगरातल्या, दिव्यातल्या ज्या बाईने त्या आठवड्यात स्कॅन केला, तिचा ४०० वाला होता की ५ वाला? तिला हे सांगणारे पान त्या यंत्रात त्याच मिनिटाला तयार झाले होते. ते तिला मिळाले नाही. मग टीव्हीवर दोन मोठी माणसे भांडत राहिली आणि ती कोणावर विश्वास ठेवायचा याचा विचार करत बसली. तिला विश्वासाची गरजच नव्हती. तिला तिचा आकडा हवा होता.

आणि फरक पडतो म्हणजे किती पडतो? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या चार रुग्णालयांत रेबेका स्मिथ-बाइंडमन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच प्रकारच्या सीटीसाठी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त डोसमध्ये सरासरी १३ पटींचा फरक निघाला. तिथे, जिथे यंत्रे चांगली आणि नियम कडक. त्याच काळात लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात मेंदूच्या एका विशिष्ट सीटीचे सेटिंग चुकले आणि सुमारे दीड वर्षात २०० हून अधिक रुग्णांना नेहमीच्या आठपट डोस गेला. ते उघडकीला आले कधी, तर रुग्णांचे केस पट्ट्यापट्ट्याने गळायला लागले तेव्हा. दीड वर्ष यंत्राच्या पडद्यावर आकडा दिसत होता. कोणी पाहिला नाही. पाहणे कोणाचे कामच नव्हते. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा केला आणि जुलै २०१२ पासून सीटीचा डोस रुग्णाच्या रिपोर्टमध्ये नोंदवणे सक्तीचे झाले. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशात हेच सांगितले की रुग्णाला मिळालेल्या डोसची माहिती हा तपासणीच्या अहवालाचा भाग असेल. म्हणजे आम्ही काही चंद्र मागत नाही.

आता आपल्याकडे या. एक्स-रे आणि सीटीच्या खोलीत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या छातीवर एक छोटा बॅज असतो, टीएलडी बॅज. तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि त्याला किती डोस मिळाला याची नोंद होते. कायद्याने त्याची मर्यादा ठरलेली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य जनतेसाठी मर्यादा वर्षाला १. रुग्णासाठी मर्यादा नाही. हे ऐकून आमच्या बैठकीत काही जण भडकतात, पण रुग्णाला मर्यादा नसणे हे बरोबरच आहे. रेल्वेतून पडलेल्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव आहे की नाही हे पाहायचे असेल तर "तुमचा या वर्षीचा कोटा संपला" असे म्हणता येत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून माणसे रुळांवर पडली. तशा जखमींना सीटी हवा, लगेच हवा, लागेल तितक्या वेळा हवा. त्यावर कोणाचे दुमत नाही.

मर्यादा नसते म्हणूनच शास्त्राने दुसरी दोन बंधने घातली आहेत. एक, तपासणीची खरोखर गरज असली पाहिजे. दोन, गरज असेल तर काम भागेल इतक्या कमीत कमी डोसमध्ये ती झाली पाहिजे. ही दोन्ही बंधने पाळली गेली की नाही हे कशावरून कळणार? नोंदीवरून. मर्यादा नाही याचा अर्थ हिशेब नाही असा लावला गेला आहे, आणि आमचे भांडण तिथे आहे.

कल्याण पूर्वेतला एक बांधकाम कामगार, नाक्यावर उभा राहणारा. मुतखड्याचा त्रास. सात महिन्यांत त्याच्या पोटाचे तीन सीटी झाले. पहिला एका खाजगी नर्सिंग होमने सांगितला म्हणून. पैसे संपल्यावर तो दुसऱ्या रुग्णालयात गेला, तिथे "बाहेरचा रिपोर्ट चालत नाही" म्हणून दुसरा. शस्त्रक्रियेची तारीख लांबत गेली, मधल्या पावसात वालधुनीचे पाणी घरात शिरले, गादीखाली ठेवलेल्या फिल्म एकमेकींना चिकटल्या, सीडी कोणी दिलीच नव्हती. मग तिसऱ्या ठिकाणी तिसरा. रुग्णालयांची नावे लिहीत नाही, कारण हा एका रुग्णालयाचा दोष नाही, ही रीतच पडून गेली आहे. या माणसाला एकूण किती डोस गेला? पोटाच्या नेहमीच्या सीटीत ८ ते १० मिलीसिव्हर्ट जातात. मुतखडा पाहायला कमी डोसची पद्धत वापरली तर ३ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे त्याला २५-३० गेले असतील किंवा ९ गेले असतील. पहिला आकडा खरा असेल तर बॅज लावून फिरणाऱ्या टेक्निशियनच्या वर्षाच्या सरासरी मर्यादेच्या तो पुढे गेला. दुसरा खरा असेल तर फार चिंतेचे कारण नाही. आम्ही तिन्ही फायली चाळल्या. त्यात बिल होते, आधार कार्डाची झेरॉक्स होती, जात प्रमाणपत्राचीसुद्धा झेरॉक्स होती, ती कोणी आणि कशाला मागितली देव जाणे. डोसचा आकडा कुठेही नव्हता. शिवाय मुतखड्याच्या पाठपुराव्याला पुष्कळदा सोनोग्राफी आणि साधा एक्स-रे पुरतो, हे कोणाही यूरोलॉजिस्टला विचारा.

आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा एक गोष्ट मनावर ठसली: राज्य ज्याची नोंद ठेवते त्याची त्याला किंमत असते, आणि ज्याची किंमत नसते त्याची नोंद राहत नाही. पैसेवाल्याचा फॅमिली डॉक्टर असतो, त्याच्या जुन्या स्कॅनची फाइल कपाटात नीट लावलेली असते, तो डॉक्टरला विचारू शकतो की "मागच्या महिन्यातच केला होता, पुन्हा कशाला?" वस्तीतला माणूस विचारत नाही. विचारले तर "तू डॉक्टर की मी?" हे उत्तर त्याने आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलेले असते. तो एका दारातून दुसऱ्या दारात ढकलला जातो, आणि प्रत्येक दारात त्याचे शरीर नव्याने सुरू होते. जणू कालपर्यंत ते नव्हतेच. किरणोत्सर्गाचे मात्र तसे नाही. आधीच्या दारात काय झाले ते शरीर विसरत नाही.

यात आणखी एक घाण आहे, तिचे नाव महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे: कट प्रॅक्टिस. पेशंट पाठवला की पाकीट. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला, बातम्या झाल्या, आणि मसुदा धूळ खात पडला. आजवर कट प्रॅक्टिसकडे सगळ्यांनी पैशाचा भ्रष्टाचार म्हणून पाहिले. आम्ही म्हणतो, सीटीच्या बाबतीत ती शरीराची लूट आहे. औषधाच्या दुकानात कट खाल्ला तर रुग्णाचे पैसे जातात. गरज नसलेल्या सीटीत कट खाल्ला तर पैसेही जातात आणि गरज नसलेला डोसही जातो. पाकिटातल्या नोटा कोणीतरी मोजून घेतो. डोस मोजायला कोणी नाही.

"नोंदी ठेवायच्या म्हणजे फार कटकट, डॉक्टरांवर आणखी कागदांचा बोजा," असे आम्हाला सांगितले जाते. हे महाराष्ट्रात सांगावे? गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला, पुढे १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. आज गरोदर बाईची सोनोग्राफी करायची तर फॉर्म एफ भरावा लागतो, नोंद चुकली तर यंत्राला सील लागते. आणि हे सोनोग्राफीचे यंत्र किरणोत्सर्ग सोडतच नाही, ते आवाजाच्या लहरींवर चालते. ती नोंद हवीच आहे, लेकी वाचवण्यासाठी हवी आहे, त्यात तडजोड नको. पण मग हेही सिद्ध झाले ना, की राज्याने मनात आणले तर गल्लीतल्या प्रत्येक सेंटरमधल्या प्रत्येक तपासणीची नोंद ठेवता येते? सीटीत तर आकडा यंत्रच तयार करून देते, लिहायचासुद्धा नाही, नुसता छापायचा आहे.

लहान मुलांचा विषय वेगळा सांगावा लागेल. मुलाच्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पुढे आयुष्यही लांब असते, त्यामुळे तोच डोस मुलाला जास्त घातक. युरोपातल्या नऊ देशांतल्या जवळपास दहा लाख मुला-तरुणांचा अभ्यास २०२३ मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात आला. त्याचा निष्कर्ष असा की सरासरी ८ मिलीग्रे डोसचा एक सीटी झालेल्या १०,००० मुलांमागे पुढच्या १२ वर्षांत एक ते दोन मुलांना त्या किरणोत्सर्गामुळे रक्ताचा कॅन्सर होण्याची शक्यता. हा धोका छोटा आहे. डोक्याला मार लागलेल्या मुलाचा सीटी टाळण्याइतका तर मुळीच मोठा नाही. पण मोठ्या माणसाच्या सेटिंगवर मुलाचा स्कॅन उरकून टाकण्याइतका तो क्षुल्लकही नाही, आणि सेटिंग बदलले होते की नाही हे आईबापांना कळण्याचा मार्ग एकच, तोच डोसचा कागद.

आणि मूल हलते, रडते. त्याला धरायचे कोणी? नियम असा की किरणोत्सर्गाच्या कामावरच्या कर्मचाऱ्याने धरू नये, गरज पडली तर सोबत आलेल्या मोठ्या माणसाने शिशाचा ॲप्रन घालून धरावे. प्रत्यक्षात पुष्कळदा काय होते ते वॉर्डातल्या मावशींना विचारा. "मावशी, जरा धरा हो." मावशी कंत्राटी, सफाईच्या ठेक्यावर आलेली. तिच्या छातीवर बॅज नाही, कारण कागदावर ती किरणोत्सर्गाच्या कामाला नाहीच. आज एक मूल, उद्या एक म्हातारा, परवा प्लास्टर घातलेला पोरगा. तिला किती डोस मिळाला? बहुधा फार थोडा मिळाला असेल, एक्स-रेच्या बाजूला उभे राहून मिळतो तो थोडाच असतो, आणि आम्हाला भीती विकायची नाही. पण तो थोडा आहे हे तिच्या बाबतीत कोणी मोजून सांगितलेले नाही, टेक्निशियनच्या बाबतीत सांगतात. या मावश्या कोणत्या वस्तीतून येतात, कोणत्या आडनावांच्या असतात, हे या लेखाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. खोली तीच, किरण तेच. बॅज कोणाला, हे जातीच्या उतरंडीने ठरते.

सर्वांत मोठा विनोद भूगोलाचा आहे. या देशात किरणोत्सर्गाचा हिशेब ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ, एईआरबी, १९८३ मध्ये स्थापन झाले, आणि त्याचे मुख्यालय अणुशक्तीनगरला नियामक भवनात आहे. टीएलडी बॅजची देशी पद्धत जिथे विकसित झाली ते भाभा अणुसंशोधन केंद्र तुर्भ्याला. कल्याणहून लोकल पकडा, कुर्ल्याला हार्बर बदला, मानखुर्दला उतरा. दीड तासाचा प्रवास. देशातल्या सर्वांत हुशार डोस मोजणाऱ्यांच्या इतक्या जवळ आपण राहतो, आणि आपल्या फायलीत आकडा नाही.

२०१२ मध्ये कॅगने या मंडळाच्या कारभारावर अहवाल दिला. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी नोंदणी फक्त ५,२७० ची होती. उरलेली ५२,१७३, म्हणजे ९१ टक्के, मंडळाच्या नियंत्रणाबाहेर चालू होती. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षेचे संचालनालय उभे करा असे २००१ मध्येच ठरले होते. कॅगने पाहिले तेव्हा ते केरळ आणि मिझोराममध्येच होते. महाराष्ट्र, जिथे हे मंडळच बसते, त्या यादीत नव्हता. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१० मध्ये, दिल्ली विद्यापीठाने जुने कोबाल्टचे यंत्र लिलावात काढले, ते मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचले, भंगार फोडणाऱ्यांपैकी एक जण किरणोत्सर्गाने मेला. हिशेब हरवला की किंमत कोण चुकवतो याचा तो दाखला. कॅगच्या अहवालानंतर ऑनलाइन नोंदणी आली, परवान्यांची संख्या खूप वाढली, हे मान्य केले पाहिजे. पण परवाना यंत्राला मिळतो. तो भिंतीवर चौकटीत लटकतो. रुग्णाच्या हातात काय येते?

आता मुख्य आक्षेप. बऱ्याच भल्या डॉक्टरांचा आहे, म्हणून गांभीर्याने घेतो. ते म्हणतात, रिपोर्टवर डोस छापला तर लोक घाबरतील, गरजेचा स्कॅनही करणार नाहीत, टीबी आणि कॅन्सर उशिरा सापडतील, त्यातून जास्त माणसे मरतील.

काळजी खोटी नाही. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून ठाण्याला येणाऱ्या आदिवासी रुग्णाचा प्रश्न जास्त स्कॅनचा नसून मुळात स्कॅन न मिळण्याचा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. व्हॉट्सॲपवर "सीटी म्हणजे अणुबॉम्ब" असले संदेश फिरवणाऱ्यांशी आमचे काही देणेघेणे नाही. पण "लोकांना आकडा कळणार नाही" हे आम्ही मान्य करणार नाही. २०२१ मध्ये वस्तीतली अंगठा लावणारी आजीसुद्धा विचारत होती, "स्कोअर किती आला? पंचवीसपैकी किती?" ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की काय करायचे हे रिक्षावाल्याला पाठ होते. शुगर, बीपी, प्लेटलेट, सीडी-फोर, सगळे आकडे लोकांनी शिकून घेतले, कारण ते त्यांना सांगितले गेले. डोसच्या आकड्यालाच तेवढी अक्कल कमी पडेल?

शिवाय हा युक्तिवाद आमच्या ओळखीचा आहे. जातीची संपूर्ण मोजणी प्रसिद्ध झाली ती १९३१ ची. त्यानंतर पिढ्यानपिढ्या सांगितले गेले, मोजू नका, समाजात तेढ वाढेल. लोकांच्या भल्यासाठीच आकडा लोकांपासून लपवायचा. अखेर २०२५ मध्ये केंद्राला जाहीर करावे लागले की येत्या जनगणनेत जात मोजू. आकड्याने तेढ वाढत नाही आणि आकड्याने भीतीही वाढत नाही. भीती वाढते ती दोन तज्ज्ञ टीव्हीवर ३०० आणि ५ असे दोन आकडे फेकतात आणि तुमचा स्वतःचा आकडा तुमच्याकडे नसतो तेव्हा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याची दुरुस्ती त्यांच्याच काळात झाली. कामगाराचे तास मोजल्याशिवाय ते कमी करता आले नसते. मालकांचे तेव्हाही म्हणणे हेच की घड्याळ लावले तर उत्पादन बसेल. घड्याळ लागले, गिरण्या चालू राहिल्या.

डोंबिवलीकरांना तर हे कळायला हवेच. २०१४ चा हिरवा पाऊस आणि २०२० चा गुलाबी रस्ता या शहराने पाहिला. प्रदूषण डोळ्यांना दिसले तेव्हा निदान ओरड झाली. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही. इथे आकडा हाच डोळा.

म्हणून काय करायचे ते सांगतो. कोणत्याही सीटीनंतर काउंटरवर फिल्मबरोबर सीडी मागा आणि डोसचे पान मागा. "असे काही नसते" म्हटले तर शांतपणे सांगा, सीटीडीआय आणि डीएलपी पडद्यावर आहेत, तेवढे रिपोर्टवर लिहून द्या. तरीही दिले नाही तर रुग्णालयाला लेखी अर्ज करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागितलेले वैद्यकीय दस्तऐवज ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि तुमच्या शरीरात गेलेला डोस हा तुमचाच वैद्यकीय दस्तऐवज आहे. दुसऱ्यांदा सीटी सांगितला तर पहिला दाखवा आणि विचारा, यातून जे कळत नाही ते दुसऱ्यातून काय कळणार आहे? गरोदर असण्याची शक्यता असेल तर ते टेबलावर झोपण्याआधी सांगा, कोणी विचारण्याची वाट पाहू नका.

हे झाले एकेकट्याचे. पण काउंटरवर एकटा माणूस किती भांडणार? कल्याण-डोंबिवली आणि ठाणे या दोन्ही महापालिका आपल्या पैशाने रुग्णालये चालवतात, तपासणीची सेवा खाजगी भागीदारीत देण्याचे करार करतात. त्या करारांत दर असतो, रिपोर्ट किती तासांत द्यायचा ते असते. त्यात आणखी दोन कलमे घाला: प्रत्येक सीटी रिपोर्टवर डोस छापलेला असेल, आणि जुना स्कॅन उपलब्ध असताना नवा केला तर कारण लेखी नोंदवले जाईल. यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, विधानसभेत कायदा लागत नाही, महासभेत ठराव पुरतो. ज्या नगरसेवकांना १४ एप्रिलला आमच्या वस्तीत हार घालायला यायचे असते, त्यांनी त्याआधी हा ठराव मांडावा. रेडिओलॉजी विभागात जाणाऱ्या कंत्राटी मावश्यांना बॅज द्यावा, नाहीतर त्यांना तिथे धरायला बोलावणे बंद करावे, दोन्हींपैकी एक. आणि आयुष्मान भारतच्या शिबिरांत रांगा लावून ज्या आभा कार्डांचे फोटो काढले, त्या कार्डात स्कॅनचा डोस साठवला जावा, म्हणजे पुराच्या पाण्यात फिल्म गेली तरी हिशेब जाणार नाही.

आम्ही येत्या महिन्यात दोन्ही महापालिकांकडे माहिती अधिकारात अर्ज टाकत आहोत. त्यात चार गोष्टी विचारल्या आहेत: पालिकेच्या प्रत्येक एक्स-रे आणि सीटी यंत्राच्या परवान्याची प्रत, दर दोन वर्षांनी करायच्या गुणवत्ता चाचणीचा शेवटचा अहवाल, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याचे पद भरलेले आहे की रिकामे, आणि टीएलडी बॅज किती जणांना दिले आहेत. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ज्यांच्या घरात गेल्या दोन वर्षांत एकाहून जास्त सीटी झाले आहेत त्यांनी आपापल्या रिपोर्टच्या प्रती काढून ठेवाव्यात. नाव झाकून चालेल. तारीख, कोणत्या भागाचा स्कॅन आणि डोस छापला आहे की नाही, एवढे दिसले पाहिजे. अपिलात त्याच जोडायच्या आहेत.